धातूचं जुनं क्लॅरिनेट बदलायचं की ठेवायचं? दोन वाद्यं पारखण्याची पद्धत

अदलाबदलीचा प्रस्ताव बहुधा फोटोतून येतो. मखमली पेटीत ठेवलेलं लखलखीत क्लॅरिनेट, बेलवर, म्हणजे खालच्या पसरट तोंडावर, कोरलेली वेलबुट्टी आणि सोबत एक ओळ: तुमच्याकडचं द्या, हे घ्या. आपलं वाद्य तेव्हा समोर काळवंडून पडलेलं असतं. त्याचे खालचे सूर धड लागत नाहीत, करंगळीच्या चाव्या खुळखुळतात. मन लगेच तिकडे धावतं. दुरून डोंगर साजरे, ही म्हण कळते, पण त्या क्षणी आठवत नाही.

माझ्याकडे धातूचं एक साधं, विद्यार्थ्यांसाठी बनवलेलं क्लॅरिनेट आहे. बेलवरचं नाव घासून घासून पुसट झालेलं. त्याचा खालचा एफ हा सूर फुसफुसायचा आणि त्याखालचा ई जोर लावल्याशिवाय उमटायचाच नाही. बदल्यात दुसरं घ्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. देण्याआधी निदान स्वच्छ करावं म्हणून चाव्या उतरवल्या, तेव्हा कळलं की आधीच्या कुणीतरी त्यात गरजेपेक्षा जाड पॅड, म्हणजे चावीखालच्या भोक मिटवणाऱ्या गाद्या, बसवले होते. पाच पॅड बदलल्यावर तेच वाद्य असं काही बोललं की आजवर आपण हे ऐकलंच नव्हतं हे मान्य करावं लागलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि हा सगळा लेख त्याच्याभोवतीच आहे: आपलं वाद्य हवाबंद झाल्याशिवाय त्याची दुसऱ्याशी तुलना करायची नाही. गळकं वाद्य आणि दुरुस्त वाद्य शेजारी ठेवली तर आपण दोन क्लॅरिनेटांची नव्हे, दोन दुरुस्त्यांची तुलना करत असतो.

ही वाद्यं आली कुठून

थोडी पार्श्वभूमी लागते, कारण दर्जा ओळखायला तीच उपयोगी पडते. धातूची क्लॅरिनेटं एकोणिसाव्या शतकातही बनत होती, पण आज हाती येणारी बहुतेक वाद्यं 1920 आणि 1930 च्या दशकांतली, अमेरिकेतली आहेत. शाळांचे आणि कूच करणारे बँड वाढत होते. उन्हापावसात लाकूड तडकतं, धातू तडकत नाही. म्हणून कारखान्यांनी ही वाद्यं मोठ्या संख्येने काढली. बोस्टनमध्ये कंडी-बेटनी, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टमध्ये कॉन आणि पेडलर, क्लीव्हलंडमध्ये किंग या नावाने वाद्यं विकणारे एच. एन. व्हाइट, न्यूयॉर्कमध्ये पेन्झेल-म्युलर. पॅरिसच्या सेल्मरनेही धातूची क्लॅरिनेटं बनवली. पुढे प्लॅस्टिकची स्वस्त आणि टिकाऊ वाद्यं आली आणि धातूची मागे पडली.

यातली फार थोडी वाद्यं व्यावसायिक वादकांसाठी होती. कंडी-बेटनीचं सिल्वा-बेट, व्हाइट यांचं सिल्व्हर किंग ही त्यांतली नावाजलेली. बोस्टनच्या हेन्स या बासरी बनवणाऱ्या कारखान्याने चांदीची क्लॅरिनेटं केली, त्यांत दुहेरी भिंतीचंही एक होतं. दोन नळ्यांमधल्या पोकळीमुळे आतली ऊब टिकावी हा त्यामागचा विचार. उरलेली बहुसंख्य वाद्यं शाळकरी मुलांसाठीची. 'धातूचं म्हणजे रद्दी' हा समज या बहुसंख्येमुळे पसरला आणि 'धातूचं म्हणजे दुर्मीळ खजिना' हा विक्रेत्यांचा सूर त्या मोजक्या वाद्यांच्या जोरावर चालतो. आपल्या हातातलं वाद्य कुठल्या गटातलं आहे, हे नावापेक्षा त्याच्या घडणीवरून ठरवायचं असतं.

पहिली पायरी: आपलं वाद्य हवाबंद करा

बेल काढा. खालचं तोंड रबरी बुचाने बंद करा. सगळी भोकं बोटांनी झाका, उजव्या करंगळीने खालचा ई दाबून धरा म्हणजे एरवी उघडे राहणारे दोन्ही मोठे पॅड मिटतील. आता वरच्या तोंडातून हवा ओढून घ्या. वाद्य ठीक असेल तर ओठ चिकटून राहतो आणि सोडवताना 'टप्' असा आवाज येतो. हवा हळूहळू आत शिरत असेल तर कुठेतरी गळती आहे.

कुठे आहे ते शोधायला धातूच्या वाद्यात एक सोय आहे: नळीतून उजेड आरपार येत नाही. अंधाऱ्या खोलीत बारीक एलईडी दिवा नळीत सरकवा आणि एकेक पॅड मिटवून बघा. पॅडच्या कडेला उजेडाची रेघ दिसली की गळती सापडली. बहुतेक धातूच्या क्लॅरिनेटांचं अंग एकसंध असतं, लाकडी वाद्यासारखे वरचा आणि खालचा असे दोन भाग वेगळे होत नाहीत. त्यामुळे चूक वरच्या अर्ध्यात आहे की खालच्या, हे कळायला मऊ स्पंजचा बोळा मध्यापर्यंत सरकवून ओढून बघण्याची युक्ती कामी येते.

दिव्याने जागा सापडते, कारण सापडतं कागदाने. सिगारेटच्या पातळ कागदाची अर्ध्या सेंटीमीटरची पट्टी कापा. ती पॅडखाली ठेवा, चावी नेहमीच्या दाबाने मिटवा आणि पट्टी हळूच ओढा. पॅडच्या चारही बाजूंनी हे करायचं. माझ्या त्या खालच्या एफच्या पॅडखाली पट्टी बिजागरीच्या बाजूला इतकी घट्ट धरली जायची की फाटायची, आणि समोरच्या बाजूने अलगद बाहेर यायची, जणू तिथे पॅडच नव्हता. याचा अर्थ एकच: पॅड जाड आहे, आधी मागे टेकतो आणि पुढे उघडा राहतो. स्प्रिंग कितीही कडक केली तरी हे सुधारत नाही, आणि बोटाचा जोर वाढवला तर फक्त मनगट दुखतं.

जुन्या धातूच्या क्लॅरिनेटांत पॅडच्या वाट्या आजच्या लाकडी वाद्यांच्या वाट्यांपेक्षा वेगळ्या खोलीच्या असू शकतात. आजचा तयार 17 पॅडचा संच आणून डोळे झाकून बसवला की माझ्यासारखी गत होते. प्रत्येक वाटीचा व्यास आणि खोली मोजून पॅड घ्यावा. वाटी हलकेच तापवून लाख वितळवली की पॅड त्या लाखेवर तरंगतो. तेवढ्या वेळात त्याला भोकाच्या कडेशी समांतर बसवता येतं. हे काम हाताला जमणारं नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, पण त्याला धातूच्या वाद्याचा अनुभव आहे ना हे आधी विचारा.

पॅड सगळे ठीक असूनही हवा टिकत नसेल तर सांधे तपासा. ही गळती लाकडी वाद्यात नसते, म्हणून भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. काही वाद्यांत भोकांच्या उंच कडा नळीच्याच धातूतून ओढून काढलेल्या असतात, काहींत वेगळ्या बनवून डागलेल्या. डाग सुटला की तिथून बारीक हवा जाते. पॅड ओले होणार नाहीत अशा बेताने कडेच्या तळाशी कुंचल्याने साबणाचं पाणी लावा आणि दुसऱ्याला हलकेच फुंकायला सांगा. बुडबुडा आला की समजा.

एवढं झाल्यावर आपलं वाद्य चार दिवस वाजवा. बदलायची इच्छा अजूनही असेल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: समोरचं वाद्य मुळात आपल्या उपयोगाचं आहे का

सुराची गोडी, नाव, चकाकी यांच्या आधी तीन प्रश्न. यांतल्या एकाचंही उत्तर चुकलं तर पुढची पारख करण्यात वेळ घालवू नये.

पहिला, स्वर-पातळी. त्या काळात दोन पातळ्या चालत. आजच्या जवळची, म्हणजे ए = 440 हर्ट्झच्या आसपासची 'लो पिच', आणि बँडमधली चढी 'हाय पिच', साधारण 452 ते 457 हर्ट्झ. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने 1917 मध्ये 440 स्वीकारलं, तरी जुनी चढी वाद्यं हातोहाती फिरत राहिली. अनुक्रमांकाजवळ किंवा अंगाच्या मागच्या बाजूला 'एल' किंवा 'एलपी' कोरलेलं असेल तर ठीक. 'एच' किंवा 'एचपी' असेल तर आजच्या कुठल्याही संचात, पियानोबरोबर किंवा ध्वनिमुद्रणात ते जुळणार नाही.

'बॅरल थोडी ओढली की उतरतं की', असं सांगणारे भेटतात. बॅरल म्हणजे तोंडात धरायचं माउथपीस आणि वाद्याचं अंग यांच्यामधला छोटा तुकडा. हे का चालत नाही ते आकड्यांतच पाहू. क्लॅरिनेट एका बाजूने बंद नळीसारखं वागतं, म्हणजे लहरीचा पाव भाग नळीत मावतो. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या सर्वांत खालच्या ईसाठी हवेचा स्तंभ सुमारे 59 सेंटीमीटरचा, तर सगळी बोटं उचलून वाजणाऱ्या मधल्या जीसाठी सुमारे 25 सेंटीमीटरचा. बॅरल 1 मिलिमीटर ओढली तर ई साधारण 3 सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो आणि जी 7 सेंटने. 457 आणि 440 यांच्यातलं अंतर आहे सुमारे 66 सेंटचं. ईला तेवढं उतरवायला 22 मिलिमीटर ओढावं लागेल, आणि तोवर जी दीड अर्धस्वर खाली गेलेला असेल. एक सूर जुळवावा तर दुसरा बिघडतो. भोकांची जागाच वेगळ्या पातळीसाठी आखलेली आहे, त्याला इलाज नाही.

खूण कोरलेली नसेल तर मोजपट्टी लावायला सांगा. माउथपीस सोडून आजचं बी-फ्लॅट क्लॅरिनेट साधारण 60 सेंटीमीटर भरतं. चढ्या पातळीचं सुमारे 2 सेंटीमीटरने आखूड असतं. सी क्लॅरिनेट त्याहून बरंच आखूड, 6-7 सेंटीमीटरने. तुर्की संगीतात वाजणारं जी क्लॅरिनेट उलट लांब असतं, आणि तेही अनेकदा धातूचंच. फोटोत मोजपट्टीशिवाय यांतला फरक कळत नाही. मला जे वाद्य देऊ केलं होतं ते चढ्या पातळीचं निघालं. फोटो पाहून मन हरखलं होतं, मोजपट्टीवर 58 चा आकडा दिसला आणि विषय संपला.

दुसरा प्रश्न, बोटांची पद्धत. बोहम की अल्बर्ट? ओळखायची सोपी खूण करंगळीखाली आहे. उजव्या करंगळीसाठी चार चाव्या आणि डाव्या करंगळीसाठी तीन असतील तर बोहम; दोन्हीकडे दोन-दोनच असतील तर अल्बर्ट. नेहमीच्या बोहमला 17 चाव्या आणि भोकांभोवती 6 कडी असतात. अल्बर्ट पद्धत वाईट नाही, सुरुवातीच्या न्यू ऑर्लिन्स जॅझचे कितीतरी वादक त्याच पद्धतीवर वाजवत. पण बोहमवर तयार झालेली बोटं तिथे अडखळतात. नवी पद्धत शिकायची मनापासून तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

तिसरा प्रश्न, सगळे भाग आहेत का? धातूच्या क्लॅरिनेटात माउथपीस आणि अंग यांच्यामध्ये बॅरल असते, काहींत ती आट्यांच्या कड्याने फिरवून लांब-आखूड करता येते. ती हरवलेली असेल तर दुसऱ्या कुठल्या क्लॅरिनेटची बॅरल चालत नाही: जोडाचा व्यास जमत नाही आणि जमवला तरी आतली नळी जुळत नाही. तसं वाद्य फुकट मिळालं तरी महाग पडतं. आट्यांचं कडं असेल तर ते फिरतं का, हेही विचारा. वर्षानुवर्षं न फिरवलेलं कडं गच्च बसतं आणि पकडीने जोर लावणारे ते वाकवून ठेवतात.

तिसरी पायरी: घडण पाहून दर्जा ओळखा

बेलवरच्या नावावर फार विसंबू नका. एक कारखाना वाद्य बनवायचा आणि दुकानांच्या, वितरकांच्या मागणीप्रमाणे वेगवेगळी नावं कोरून द्यायचा. शिवाय मोठे कारखाने स्वतःची दुय्यम मालिका वेगळ्या नावाने विकत, जसं कॉनची पॅन-अमेरिकन. म्हणून एकाच घडणीची वाद्यं चार नावांनी सापडतात. नक्षीदार बेल ही दर्जाची खूण नाही. नक्षी नावासारखीच नंतर कोरली जाते.

मग पाहायचं काय? चाव्या. माझ्या मते दर्जाचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार म्हणजे चावीची बिजागरी. चावी दोन बोटांत धरून तिच्या दांड्याच्या दिशेने मागेपुढे आणि आडवी हलवा. चांगल्या वाद्यात शंभर वर्षांनीही ती जेमतेम हलते. स्वस्त वाद्यात ती खडखडते, आणि खडखडणारी चावी पॅडला रोज वेगळ्या जागी टेकवते. आज बसवलेला पॅड महिन्याने पुन्हा गळतो. चाव्या ठोकून घडवलेल्या आहेत की ठिसूळ मिश्रधातूच्या ओतीव, हेही पाहा. ओतीव चावी वाकवायला गेलं की मोडते आणि नीट डागता येत नाही. चावी कुठे मोडून जोडलेली दिसते का ते पाहा. तिथे डागाचा राखाडी फुगवटा दिसतो.

त्यानंतर खांब. चाव्या ज्या छोट्या खांबांवर टेकलेल्या असतात, ते थेट नळीवर डागलेले असतात किंवा आधी एका पट्टीवर आणि ती पट्टी नळीवर. पट्टी असेल तर ताण वाटला जातो आणि खांब सहसा उखडत नाहीत. तेवढ्यावरून निवाडा करू नये, पण दोन वाद्यं बाकी सारखी असतील तर पट्टीवालं मी घेईन.

धातूचं नाव ऐकून फसू नका. 'जर्मन सिल्व्हर' किंवा 'निकेल सिल्व्हर' म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. त्यात चांदीचा कणही नाही. बहुतेक वाद्यं या मिश्रधातूची किंवा पितळेची असतात, वर चांदीचा किंवा निकेलचा मुलामा. मुलामा चांदीचा असेल तर हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो, म्हणजे काळवंडलेलं वाद्य हे खरंतर शुभलक्षण. निकेल काळं पडत नाही, धुरकट होतं आणि पापुद्र्यांनी सुटतं. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी तिथे थांबावं. पितळेवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर जस्त झिजून जायला लागलंय असं समजावं. लखलखीत फोटोबद्दल मी म्हणून साशंक असतो. जोरात घासून चमकवलेल्या वाद्याचा मुलामा पातळ झालेला असतो, खांबांच्या मुळाशी पॉलिश साचलेलं असतं, आणि ते बिजागऱ्यांत शिरून सहाणेसारखं काम करतं.

अंग सरळ आहे ना, हे एक डोळा मिटून नळीच्या रेषेत बघितलं की कळतं. एकसंध लांब नळी पडली तर वाकते. थोडा बाक कुशल कारागीर काढू शकतो, पण बाकामुळे लांब दांड्यांच्या चाव्या अडकायला लागलेल्या असतील तर काम वाढतं. बेलवरचा पोचा शोभेला बाधतो, सुराला फारसा नाही. तोच पोचा बॅरलमध्ये किंवा अंगाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असेल तर मात्र गंभीर, कारण तिथली नळी जराशी चेपली तरी सुरांची आपसातली अंतरं बिघडतात.

चौथी पायरी: एकाच माउथपीसवर दोन्ही वाजवा

सुराचा बराच भाग माउथपीस आणि त्यावरची रीड, म्हणजे कंप पावणारी वेताची पट्टी, ठरवतात. दोन वाद्यं आपापल्या माउथपीसवर वाजवून 'याचा आवाज गोड' म्हणणं म्हणजे माउथपीसचं कौतुक करणं. म्हणून आपलं सवयीचं माउथपीस, तीच रीड, ती आवळणारं तेच लिगेचर दोन्हीकडे लावा. जुन्या वाद्याचं मूळ माउथपीस असेल तर ते नंतर वेगळं वाजवून बघा. काही वाद्यं त्यांच्या मूळ माउथपीसवरच जुळतात, तेव्हा ही दुसरी फेरी टाळू नका.

धातूच्या भिंतीने आवाज कर्कश होतो हा समज खूप जुना आहे. 1971 मध्ये जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन पदार्थांच्या, आतून सारख्या बासऱ्यांवर प्रयोग केला होता. ऐकणाऱ्यांना त्या आवाजावरून ओळखता आल्या नाहीत, आणि वाजवणाऱ्यांनाही आल्या नाहीत. सूर ठरतो तो नळीच्या आतल्या आकाराने, भोकांच्या कडांनी आणि हवा किती घट्ट कोंडली जाते यावरून. विद्यार्थ्यांच्या स्वस्त वाद्यांत नेमक्या याच गोष्टी ढिल्या होत्या, आणि दोष धातूच्या माथी आला. न्यू ऑर्लिन्सचा जॉर्ज लुईस 1940 च्या दशकात धातूचं क्लॅरिनेट वाजवत असे. त्या मुद्रणांतला सूर ऐकून कुणी धातूला नावं ठेवणार नाही.

धातूचा खरा स्वभाव दिसतो तापमानात. हवा एक अंशाने तापली की सूर सुमारे 3 सेंटने चढतो. पातळ धातू फुंकरीने पटकन तापतो आणि थांबलात की पटकन निवतो. म्हणून तपासणीआधी दोन्ही वाद्यं दहा मिनिटं सारखीच वाजवा आणि ट्यूनर समोर ठेवून लगोलग आलटून पालटून तपासा. एक गरम, एक गार असेल तर आकडे फोल.

आता बारावीच्या जोड्या. क्लॅरिनेटची अंगठ्याची रजिस्टर चावी उघडली की सूर सप्तकाने नव्हे, बाराव्या स्वरावर जातो: खालचा ई मधला बी होतो, एफचा सी, जीचा डी. ही प्रत्येक जोडी ओठ न बदलता वाजवा आणि दोन्हींचे सेंट कागदावर लिहा. बहुतेक क्लॅरिनेटांत अगदी खालचे दोन सूर जोडीच्या मानाने उतरलेले असतात, 10-15 सेंटचा फरक मी सोडून देतो. फरक 25 च्या वर, आणि तोही मधल्या जोड्यांत, दिसला तर नळीत किंवा रजिस्टरच्या छिद्रात काहीतरी बिघडलं आहे. आधी ते छिद्र काडीने साफ करून पुन्हा बघा. निम्म्या वेळा तिथे फक्त कचरा असतो.

मग गळ्याचे सूर: जी, जी-शार्प, ए आणि बी-फ्लॅट. यांतला बी-फ्लॅट बहुतेक क्लॅरिनेटांत कोंदटच असतो, त्यामुळे 'कोंदट आहे' हा दोष नाही. दोन वाद्यांत कमी कोंदट कोणतं, एवढंच बघायचं. त्यानंतर गळ्यातून वर जाणारा ए ते बी हा पूल संथ लयीत दहा वेळा ओलांडा. इथे बोटांना कळतं की चाव्या तुमच्या हाताला बसतात का. धातूच्या वाद्यात भोकांच्या कडा उंच आणि कधी धारदार असतात. कुणाला त्या हव्याशा वाटतात, कुणाची बोटं घसरतात. हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरत नाही.

शेवटी तीन मीटर अंतरावर फोन ठेवून दोन्हींवर तोच तुकडा मुद्रित करा. नावं न लावता, दुसऱ्या दिवशी, शक्य तर दुसऱ्या कुणाकडून क्रम बदलून ऐका. वाजवताना हाडांतून येणारा आवाज फसवतो आणि नवं वाद्य हातात असल्याचा आनंद त्याहून जास्त. मला तरी स्वतःच्या कानापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या कानावर अधिक भरवसा आहे.

पाचवी पायरी: हिशेब आणि निर्णय

समोरचं वाद्य दुरुस्त केल्यावर किती चांगलं होईल, हा प्रश्न सगळे विचारतात. त्या दुरुस्तीला काय लागेल, हे लिहून काढणारे कमी. एका कागदावर दोन रकाने करा. एकात आपल्या वाद्याला लागणारी कामं, दुसऱ्यात त्याच्या: किती पॅड, किती स्प्रिंगा, कुठला खांब, बॅरल, मुलामा, पोचे, माउथपीस. दोन्ही कामं एकाच कारागिराला विचारा. एवढ्याने बरेच प्रश्न सुटतात.

माझं मत स्पष्ट आहे. तुमचं वाद्य विद्यार्थी दर्जाचं असेल आणि बदल्यात तसंच दुसरं मिळत असेल, तर बदलू नका, मग ते कितीही चकचकीत असो. नव्या वाद्याचे दोष शोधायला पुन्हा महिने जातील, जुन्याचे तुम्हाला पाठ आहेत. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं ते हेच. तुमच्या वाद्याच्या बिजागऱ्या खडखडत असतील, समोरचं खरोखर वरच्या घडणीचं असेल, लो पिच, बोहम, सगळे भाग जागेवर, आणि त्याला फक्त पॅड लागणार असतील, तर ते काळंकुट्ट दिसत असलं तरी घ्या. पॅड बदलता येतात, घडण बदलता येत नाही. या दोन टोकांच्या मधल्या प्रकरणात मी बारावीच्या जोड्यांचा कागद काढतो आणि त्यावर ठरवतो. नाव शेवटी.

दुहेरी भिंतीचं किंवा खऱ्या चांदीचं वाद्य समोर आलं तर वेगळा विचार करावा लागतो. तिथे संग्रहाचं मोल येतं. पण दुहेरी भिंतीत आतल्या नळीला पोचा पडला तर बाहेरून काढणं अवघड, हे लक्षात ठेवा. आणि 'सिल्व्हर' शब्द नावात असणं वेगळं, धातूवर 'स्टर्लिंग'चा, म्हणजे खऱ्या चांदीचा, ठसा असणं वेगळं.

ठरलं, तर अटी लिहून घ्या. दोन्ही वाद्यांचे अनुक्रमांक, सोबत येणाऱ्या वस्तू, कुणी कुठली दुरुस्ती आधी केली आहे, आणि पोहोचल्यापासून ठरावीक दिवसांत दोघांपैकी कुणालाही अदलाबदल मोडता येईल ही मुभा. आपल्या वाद्याचे दोष स्वतःहून सांगा, गळका पॅड असेल तर फोटोत त्यावर बोट ठेवून दाखवा. समोरच्याने तसंच सांगावं ही अपेक्षा मग हक्काने करता येते.

पाठवताना माउथपीस वेगळं गुंडाळा. एरवी उघड्या राहणाऱ्या चाव्यांच्या पॅडखाली मऊ कागदाच्या घड्या ठेवून त्या मिटवा आणि सैल दोऱ्याने बांधा, म्हणजे हादऱ्याने दांडे वाकणार नाहीत. जुनी पेटी आतून सैल झालेली असते; वाद्य आत हलत असेल तर कापडाने जागा भरा, आणि पेटीला बाहेरून सगळ्या बाजूंनी चार बोटं जाडीचं भरण द्या.

आलेलं वाद्य लगेच फुंकू नका. तासभर खोलीत राहू द्या, घड्या काढा, सगळे स्क्रू जागेवर आहेत का पाहा. मग बेल काढून बूच लावा, भोकं झाका, खालचा ई दाबा आणि हवा ओढा.